षष्ठीचा ‘चा’ आणि दोषाचा धनी

‘लिंबाचा आंबटपणा’ म्हणजे लिंबाच्या अंगचा गुण. ‘मानखुर्दचा वास’ हा प्रयोगही त्याच घडणीचा. इंग्रजी षष्ठीतही हीच संदिग्धता आहे: गुण कुणाचा ते कळते, कशामुळे आला ते कळत नाही. संस्कृत वैयाकरणांनी षष्ठीला कारकांत धरले नाही, ते मला म्हणूनच पटते. ती संबंध दाखवते, कारण सांगत नाही. मानखुर्दशेजारी देवनारला १९२७ पासून मुंबईचा कचरा टाकला जात आला आहे. तेव्हा ‘मुंबईच्या कचऱ्याचा वास’ असेही म्हणता येते. विभक्ती तीच; नाम बदलले, की दोषाचा धनी बदलतो. लोक मात्र ‘चा’ लावतात तो वस्तीला. मग वास तिथल्या माणसांच्या अंगचा ठरतो.