दोन कोटींचा गडी आणि रिकामा कोपरा

प्रो कबड्डीचा लिलाव झाला की दुसऱ्या दिवशी नंदुरबार, शहादा, नवापूरच्या कबड्डीवेड्या पोरांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: सगळ्यांत महाग कोण गेला? ज्या संघाने तो घेतला, त्याचा चषक पक्का धरला जातो आणि ज्याने दोन नावाजलेले खेळाडू सोडले, तो संघ तिथेच निकालात निघतो. दोन हंगामांमधल्या मोकळ्या काळात संघ कसा सुधारतात, याबद्दल आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत. ते टीव्हीसमोरच्या गप्पांपुरते राहिले असते तर हरकत नव्हती. तालुक्याचा किंवा आश्रमशाळेचा संघ निवडतानाही तेच समज डोक्यात असतात आणि त्याची किंमत आपल्याच पोरांना मोजावी लागते.

पहिला आणि सगळ्यांत घट्ट रुतलेला समज: महागडा खेळाडू आणला की संघ सुधारला.

तेलुगू टायटन्सचा इतिहास बघा. 2019 मध्ये सातव्या हंगामाआधी त्यांनी सिद्धार्थ देसाईला 1 कोटी 45 लाखांना घेतलं. सिद्धार्थने आपलं काम चोख केलं, दोनशेच्या वर गुण आणले. संघ मात्र 12 जणांत अकरावा आला. पुढे 2023 मध्ये दहाव्या हंगामासाठी त्यांनी पवन सेहरावतवर 2 कोटी 60 लाख 50 हजारांची बोली लावली. तोवरच्या लिलावांतली ती सर्वांत मोठी रक्कम होती. त्या हंगामात टायटन्सने 22 पैकी 2 सामने जिंकले आणि तळ गाठला. यात पवनचा दोष नव्हता. तो चढाईला जाऊन गुण आणत होता, पण ते राखायला मागे भक्कम बचाव नव्हता.

याच पवनची त्याआधीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. नवव्या हंगामात तमिळ थलायवाजने त्याला 2 कोटी 26 लाखांना घेतलं आणि पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून तो बाहेर पडला. थलायवाज संपले असंच सगळ्यांना वाटलं. झालं उलट. नव्या तरुणांच्या गटातून आलेल्या नरेंदर कंडोलाने चढाईचा भार उचलला, दोनशेवर गुण केले आणि थलायवाज पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचले. बदली खेळाडू आधीपासून तयार करून ठेवलेला होता, म्हणून हे जमलं.

हिशेबही मांडून बघू. एका संघाला खर्चायला 5 कोटी मिळतात आणि किमान 18 खेळाडू घ्यावे लागतात. सरासरी काढली तर माणशी सुमारे 27 लाख 78 हजार. त्यातले 2 कोटी 35 लाख एकावर घातले, तर उरलेल्या 17 जणांच्या वाट्याला सरासरी साडेपंधरा लाख येतात. लिलावात अ गटाच्या खेळाडूची मूळ किंमतच 30 लाख आणि ब गटाची 20 लाख असते. म्हणजे एक तारा घेताना बाकीचा संघ क आणि ड गटातून किंवा स्वतः घडवलेल्या पोरांतून उभा करायची तयारी लागते. ही तयारी ज्यांच्याकडे असते, त्यांनाच महागडा खेळाडू पेलतो.

पुणेरी पलटणकडे ती होती. नवव्या हंगामाची अंतिम लढत पलटण जयपूर पिंक पँथर्सकडून 33-29 अशी हरली. त्या सामन्यात असलम इनामदार आणि मोहित गोयत हे दोघे बिनीचे चढाईपटू दुखापतीमुळे नव्हते. नंतरच्या मोकळ्या काळात पलटणने जे केलं त्याने अनेक जण चक्रावले. 1 कोटी 38 लाखांचा कर्णधार फझल अत्राचली त्यांनी सोडला. अष्टपैलू मोहम्मद नबीबक्षही सोडला. असलम, मोहित, पंकज मोहिते, आकाश शिंदे, अबिनेश नादराजन, गौरव खत्री, संकेत सावंत ही तरुण फळी मात्र जपली. मग हातात उरलेल्या पैशांतला मोठा वाटा, 2 कोटी 35 लाख, इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर लावला. चढाई भरलेली होती आणि मध्यरक्षक तयार होते. हवा होता तो डावा कोपरा धरणारा आणि वेळ पडली तर चढाईलाही जाणारा खेळाडू. कर्णधारपद गेलं असलमकडे, म्हणजे श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानच्या पोराकडे. शादलू 99 गुणांसह हंगामातला सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून चषक उचलला.

खरेदीची चर्चा सगळीकडे झाली. सोडण्याच्या निर्णयाची पुरेशी झाली नाही, आणि मला तोच अधिक धाडसाचा वाटतो. नावाजलेल्या कर्णधाराला निरोप देऊन कोवळ्या फळीवर विश्वास टाकायला आतून खात्री लागते.

यावरून कुणी असा अर्थ काढेल की जिंकलेला संघ तसाच ठेवावा, म्हणजे झालं. हा दुसरा समज, आणि त्याचं उत्तरही पलटणच देते. अकराव्या हंगामात बहुतेक फळी कायम होती, पण शादलू हरियाणाने 2 कोटी 7 लाखांना नेला होता आणि मध्येच असलम दुखापतीने बाहेर गेला. गतविजेते पहिल्या सहांतही आले नाहीत. शादलूला घेऊन हरियाणा मात्र विजेता झाला, तोही पुण्याच्याच बालेवाडीत. सगळे संघ दर मोकळ्या काळात हलत असतात. तुम्ही जागच्या जागी थांबलात तरी समोरचा थांबत नाही.

आता किमतीबद्दल. बोली मोठी लागली म्हणजे खेळाडू तेवढा मोठा, असं आपण धरून चालतो. नंदुरबारच्या माणसाला तरी हे वेगळं सांगायला नको. बाजार समितीत ओल्या लाल मिरचीचा लिलाव बघितलेला प्रत्येक जण जाणतो की तोच माल, त्याच शेतातला, आज एक भाव खातो आणि परवा दुसरा. आवक किती झाली आणि कोणत्या व्यापाऱ्याच्या मिरची वाळवायच्या पथारीवर अजून जागा आहे, यावर भाव ठरतो. खेळाडूंचंही तसंच आहे. चांगले उजवे कोपरे संपत आले आणि दोन संघांकडे पैसे शिल्लक असले, की मधल्या फळीच्या खेळाडूचा भाव कोटीकडे धावतो. तोच खेळाडू उशिरा, सगळ्यांच्या पिशव्या रिकाम्या झाल्यावर पुकारला गेला, तर मूळ किमतीतच जातो. फझल अत्राचलीचंच घ्या. पलटणने सोडल्यावर गुजरातने त्याच्यासाठी 1 कोटी 60 लाख मोजले, पण पुढच्या दोन लिलावांत त्याचा भाव कोटीच्या बराच खाली आला. आणि ऑक्टोबर 2025 मध्ये दबंग दिल्लीने बाराव्या हंगामाची अंतिम लढत पुणेरी पलटणविरुद्ध 31-28 अशी जिंकली, तेव्हा दिल्लीच्या बचावात हाच फझल उभा होता.

चढाईपटू सामना जिंकून देतो आणि बचाव म्हणजे भरती, असाही एक समज आहे. पाटणा पायरेट्सने परदीप नरवालच्या चढायांवर सलग तीन विजेतेपदं मिळवली, त्यामुळे तो पक्का झाला असावा. पण आठव्या हंगामाआधी परदीप 1 कोटी 65 लाखांना यूपीकडे गेला, आणि त्याच्याविना पाटणा गुणतक्त्यात पहिलं आलं. अंतिम फेरीत ते दिल्लीकडून अवघ्या एका गुणाने, 37-36 असे हरले. त्या हंगामात पाटण्याचा कणा होता बचाव, आणि त्यात तेव्हा फारसा माहीत नसलेला शादलू होता.

बचाव लिलावात सुटा विकत का घेता येत नाही, हे एका पकडीत दिसतं. चढाईपटू डाव्या कोपऱ्याकडे सरकतो, बोनससाठी एक पाय पुढे टाकतो आणि सगळं वजन त्याच पायावर देतो. त्या अर्ध्या क्षणात कोपरारक्षक खाली झेपावून त्याचा घोटा धरतो. एकट्या घोट्यावर ताकदीचा गडी थांबत नाही, तो फरफटत मध्यरेषेकडे निघतो. तेव्हा शेजारच्या मध्यरक्षकाने छातीवर धडक द्यायची असते, आणि ती झेप दिसल्यावर नाही, तर झेप येणार हे ओळखून. क्षणभर आधी धडक दिली तर चढाईपटू त्याला शिवून मागे फिरतो. क्षणभर उशीर झाला तर हात रेषेला लागलेला असतो आणि दोघेही बाद. ही ओळख महिनोन्‌महिने एकमेकांशेजारी उभं राहूनच येते. म्हणून जाणते संघ कोपरा आणि मध्यरक्षक यांची जोडी फोडताना शंभरदा विचार करतात.

आकड्यांविषयी दोन टोकांचे समज आहेत. एक म्हणतो, खेळ डोळ्यांनी बघायचा असतो, वहीत काय ठेवलंय? दुसरा म्हणतो, आकडे बघा, बाकी सगळं बाजूला ठेवा. दुसऱ्या पक्षाचे लोक अमेरिकेतल्या बेसबॉलचा, ओकलंड अॅथलेटिक्सचा दाखला देतात. 2001 च्या हंगामानंतर जेसन जिआंबीसारखे मोठे खेळाडू ओकलंडला पैशांअभावी गमवावे लागले. न्यूयॉर्क यँकीजचा पगारखर्च त्यांच्या तिपटीच्या आसपास होता. ओकलंडचा व्यवस्थापक बिली बीन याने इतरांनी हलक्यात घेतलेले खेळाडू आकड्यांवरून हेरले आणि 2002 मध्ये ओकलंडने 103 सामने जिंकले, त्यांत सलग 20. हे सगळं खरं आहे. पण त्याच संघात बॅरी झिटो, टिम हडसन आणि मार्क मल्डर हे तीन जबरदस्त पिचर होते आणि मिगेल तेहादा होता. झिटो आणि तेहादा दोघांनाही त्या वर्षी लीगचे सर्वोच्च वैयक्तिक पुरस्कार मिळाले. पाया भक्कम होता, आकड्यांनी भोकं बुजवली. शिवाय बेसबॉलमध्ये पगाराला आपल्यासारखी पक्की मर्यादा नाही, तिथे श्रीमंत संघ खरोखर जास्त खर्च करू शकतो. प्रो कबड्डीत सगळ्यांची पिशवी सारखीच, त्यामुळे "आमच्याकडे पैसा नव्हता" ही सबब इथे चालत नाही.

कोणता आकडा बघायचा, हे कळणं जास्त महत्त्वाचं. समजा तालुक्याच्या संघात दोन चढाईपटू आहेत. पहिल्याने 20 चढायांत 9 गुण आणले आणि 7 वेळा पकडला गेला. दुसऱ्याने 20 चढायांत 7 गुण आणले, पण पकडला गेला 2 वेळाच. टाळ्या पहिल्याला पडतात. प्रत्येक पकडीचा एक गुण समोरच्याला जातो हे धरलं, तर पहिल्याची निव्वळ कमाई 2 आणि दुसऱ्याची 5. पहिला बाद होऊन बाहेर बसतो तो वेळ तर यात मोजलेलाच नाही. अशा संघाला तिसरा चढाईपटू शोधायची गरजच नसते. दुसऱ्याला जास्त चढाया द्यायच्या आणि पहिल्याला दोन रिकाम्या चढायांनंतरच्या "करो या मरो" चढाईसाठी राखायचं. हे कळायला साधी शाळेची वही पुरते: चढाई कोणाची, समोर बचावपटू किती, गुण आला, रिकामी गेली की पकड झाली, एवढे रकाने.

शेवटचा समज नंदुरबारच्या जिव्हारी लागणारा आहे. सातपुड्यातल्या पोराला त्या लिलावापर्यंत वाटच नाही, असं आपल्याकडची मोठी माणसं सहज बोलून जातात. मुळात लिलाव हा एकच दरवाजा नाही. नरेंदर कंडोला ज्या "न्यू यंग प्लेअर" गटातून आला, त्यातले खेळाडू संघ चाचण्या घेऊन, अकादमीत पारखून थेट करारबद्ध करतात. पुणेरी पलटणची स्वतःची युवा पलटण याच कामासाठी आहे. सिद्धार्थ देसाई चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा. यू मुंबाने त्याला पहिल्यांदा 36 लाख 40 हजारांना घेतलं, एका हंगामात त्याने दोनशेवर गुण केले आणि मग ती दीड कोटीच्या घरातली बोली आली. चंदगडही मुंबई-पुण्याच्या वेशीवर नाही.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे आणि तिच्यावरच मोकळ्या काळात काम व्हायला हवं. अक्कलकुवा, धडगाव, तळोद्याची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात जातात, होळीच्या सुमारास परततात. पावसाळ्यात घडवलेला डावा कोपरा ऐन स्पर्धांच्या दिवसांत उसाच्या फडात असतो. मग आयत्या वेळी कुणालाही कोपऱ्यात उभं करतात, हरतात आणि "पोरांत दम नाही" असं म्हणून मोकळे होतात. दम भरपूर आहे. डोंगर चढून शाळेत जाणाऱ्या पोरांची छाती आणि पोटऱ्या बघितल्या तर पटेल.

म्हणून संघाची यादी जूनमध्येच दोन रकान्यांत करावी: वर्षभर इथे असणारे आणि दिवाळीनंतर जाणारे. दोन्ही कोपऱ्यांना आणि दोन्ही मध्यरक्षकांना प्रत्येकी एक बदली खेळाडू तयार करावा, आणि त्या दोघांतला एक तरी पहिल्या रकान्यातला असावा. मागच्या वर्षीचे गुण कुठून गेले ते वहीतून काढावं. बहुतेक वेळा ते उजव्या कोपऱ्यातून गेलेले असतात, कारण उजव्या हाताचा प्रत्येक दणकट पोरगा चढाईला धावतो आणि तो कोपरा कुणालाच नको असतो. मातीवर वाढलेल्या पोरांना वर्षातून काही आठवडे तरी मॅटवर, बूट घालून खेळायला मिळावं, कारण मातीत घसरून धरलेला घोटा मॅटवर तसा धरता येत नाही आणि निवड चाचणी मॅटवर होते. आश्रमशाळांच्या प्रकल्प आणि विभाग पातळीवरच्या क्रीडास्पर्धांत दरवर्षी ही पोरं खेळतात. तिथे फक्त विजेता संघ नोंदवला जातो. हरलेल्या संघातल्या ज्या पोराने एकट्याने चार पकडी केल्या, त्याचं नाव, गाव आणि जागा त्याच दिवशी कुणीतरी वहीत लिहून घेतली, तर पुढच्या जूनमध्ये उजवा कोपरा शोधत फिरावं लागणार नाही.