पिस्तुलावरचा दिवा, शस्त्रागारातला सेल

पिस्तुलाच्या नळीखाली बसणाऱ्या छोट्या टॉर्चची जाहिरात बहुतेक वेळा लुमेनच्या आकड्यावर होते. तीनशे, सहाशे, आता हजार. सामान्य मुंबईकराला या आकड्यांचे काही घेणेदेणे नाही, कारण 1959 च्या शस्त्र कायद्याखाली आपल्याकडे परवान्याचे पिस्तूलच विरळा. घेणेदेणे आहे ते गोरेगावला तळ असलेल्या ‘फोर्स वन’ला, अंधेरीतल्या मरोळच्या एनएसजी केंद्राला आणि उपनगरांतल्या पोलिसांच्या शीघ्र प्रतिसाद पथकांना. फोर्स वन आणि मुंबईतले एनएसजी केंद्र ही दोन्ही 2009 मध्ये, 26/11 च्या धक्क्यातून उभी राहिली. ताजच्या धुराने भरलेल्या मजल्यांवर समोर दिसणारा माणूस अतिरेकी आहे की पलंगामागे लपलेला पाहुणा, हे क्षणात ठरवावे लागत होते. शस्त्रावरचा दिवा त्यासाठीच असतो. म्हणून दिवा किती प्रखर आहे याआधी विचारायला हवे की बटण दाबल्यावर तो लागेलच याची खात्री कोणता सेल देतो. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: बंदोबस्ताच्या शस्त्रावर एकदाच वापरायचा लिथियम सेल असावा, रिचार्जेबल सेल सरावासाठी ठेवावा, आणि ज्याची बॅटरी बाहेरच काढता येत नाही असा दिवा सरकारने विकत घेऊ नये.

या दिव्यांत सर्रास दिसणारा एकदाच वापरायचा सेल म्हणजे सीआर123ए. कधीकाळी फिल्मच्या कॅमेऱ्यांत असायचा तोच. तीन व्होल्ट, साधारण 1500 मिलिअँपिअर-तास, म्हणजे साडेचार वॉट-तासांच्या आसपास ऊर्जा. त्याच मापाचा रिचार्जेबल 16340 सेल 3.7 व्होल्टचा असला, तरी त्याची क्षमता सहसा सातशेच्या घरात राहते आणि ऊर्जा भरते अडीच वॉट-तासांच्या आगेमागे. जोरदार प्रवाह ओढला की सीआर123ए कागदावरची सगळी ऊर्जा देत नाही, हे खरे. त्यामुळे प्रत्यक्षातले अंतर थोडे कमी होते. पण खरा फरक पडून राहण्यात आहे. चांगल्या कंपन्या सीआर123ए दहा वर्षे ठेवता येतो असे सांगतात, कारण वर्षाला त्याची जेमतेम एखादा टक्का ऊर्जा गळते. लिथियम-आयन सेल महिन्याला दोन-तीन टक्के गमावतो. शिवाय तो पूर्ण भरून उष्ण जागी ठेवला तर त्याची क्षमता कायमची घटत जाते. आता पिस्तुलावरच्या दिव्याचे आयुष्य पाहा. तो कायम भरलेला हवा, अंगालगतच्या होल्स्टरमध्ये मुंबईच्या मे महिन्यात तापत राहणार, आणि वर्षभरात प्रत्यक्ष कामासाठी कदाचित काही सेकंदच लागणार. लिथियम-आयनला न मानवणारी आणि साध्या लिथियमला नेमकी मानवणारी अशी ही दिनचर्या आहे. रात्रपाळीत गस्त घालणाऱ्या शिपायाच्या हातातल्या टॉर्चचे गणित याच्या अगदी उलटे. तो रोज तासन्‌तास जळतो. तिथे सेल फेकत बसणे हा शुद्ध अपव्यय.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. एकदाच वापरायच्या सेलमध्ये किती जीव उरला हे कळत नाही. त्याचा व्होल्टेज बराच काळ सपाट राहतो आणि शेवटी झपकन कोसळतो. रिचार्जेबल सेल सकाळी चार्जरवरून काढला की भरलेला आहे हे निदान माहीत असते. पोलीस वॉकीटॉकीच्या बॅटऱ्या पाळीपाळीने बदलतातच. 2016 मध्ये देवनार पोलीस ठाण्यापासून आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा त्याच हस्तांतरात दिव्याची बॅटरीही बदलावी, असे कुणी म्हणेल. वॉकीटॉकीचे उदाहरण मात्र इथे फसवे आहे. वॉकीटॉकी पाळीभर बोलत असते. तिची बॅटरी दमली की तासाभरात ओरड होते. दिव्याची बॅटरी दमल्याचे कळते ते दार ढकलून आत शिरल्यावर. जी वस्तू रोज वापरात नसते तिची रोजची देखभाल पहिल्या पंधरवड्यानंतर सही करण्यापुरती उरते. हा माणसाचा स्वभाव आहे, एकट्या पोलिसांचा नव्हे. तेव्हा कमीत कमी वेळा आठवण ठेवावी लागेल तीच व्यवस्था बरी: वर्षातून ठरलेल्या दोन तारखांना सेल बदलायचा आणि त्यावर तारीख लिहायची.

वीज गेली तर काय, हा मुद्दा या वादात नेहमी पुढे केला जातो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, उपनगरांच्या मोठ्या भागात वीज बंद होती. 12 ऑक्टोबर 2020 ला ग्रिड कोसळून सगळी मुंबई सकाळीच ठप्प झाली. तरी मला हा मुद्दा दुय्यम वाटतो. ठाण्यात जनरेटर असतो, आजकाल पॉवर बँकही पुरते. पावसाळ्यात खरा धोका आहे तो दिव्याच्या अंगावरच चार्जिंगचे संपर्कबिंदू असतात तिथे. दमट, खारट हवेत ते गंजतात. बॅटरी अंगातच बंद असलेल्या दिव्यात, उदाहरणार्थ ओलाइटच्या चुंबकी चार्जिंगच्या पीएल-मिनी 2 मध्ये, संपर्क बिघडला किंवा सेल म्हातारा झाला की अख्खा दिवा बाद. शुअरफायरचा एक्सएससी रिचार्जेबलच आहे, पण त्याची बॅटरी बाहेर निघते. स्ट्रीमलाइटच्या टीएलआर-7 एचएल-एक्समध्ये तर दोन्ही प्रकारचे सेल चालतात. उद्योग कुठे सरकतो आहे याची ही खूण आहे, आणि निविदेत अट घालायचीच तर ती याच गुणाची घालावी.

माझ्या मताची सर्वांत दुबळी बाजू रसायनात नाही, खरेदीत आहे. सरकारी व्यवस्थेत महागडे उपकरण एकदा विकत घेणे सोपे, त्याला लागणारी किरकोळ वस्तू दरवर्षी मागवणे अवघड. 26/11 च्या हाताळणीची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीने गोळ्यांच्या तुटवड्यामुळे पोलिसांचा नेमबाजीचा सराव खंडित झाल्याकडे बोट दाखवले होते. गोळ्यांची ही गत, तर सेलचे मागणीपत्र कोण पुढे सरकवणार? रिचार्जेबलचे समर्थक इथे मला कोंडीत पकडू शकतात. परंतु रिचार्जेबल सेलही तीन-चारशे चक्रांनंतर बदलावाच लागतो, आणि त्याचे मागणीपत्र तर कुणाच्या ध्यानीमनीही नसते, कारण तो ‘कायमचा’ म्हणून घेतलेला असतो. सीआर123ए दहा वर्षे टिकतो म्हटल्यावर दोन-तीन वर्षांचा साठा एकदम घेऊन ठेवता येतो. तो दिव्याच्या खरेदीतच बसवावा, म्हणजे वेगळी फाइल लागत नाही.

दोन्ही प्रकार एकाच शस्त्रागारात ठेवायचे तर खबरदारी हवी. सहा व्होल्टच्या दिव्यात दोन भरलेले 16340 घातले की 8.4 व्होल्ट होतात आणि साधी सर्किटे जळतात. दोन सेलच्या दिव्यात एक नवा आणि एक अर्धा वापरलेला सीआर123ए घालणे त्याहून घातक. दमलेला सेल उलट्या दिशेने रेटला जाऊन फुटू शकतो. म्हणून जोडी एकत्र बदलायची, एकत्रच ठेवायची, आणि रिचार्जेबल सेल वेगळ्या रंगाच्या डबीत. बंदोबस्तावरून काढलेल्या सेलमध्ये बराच जीव उरलेला असतो. त्या जोड्या आधी सरावाला द्याव्यात, उरलेला सराव रिचार्जेबलवर. कचऱ्याचा आक्षेप यामुळे बराच सौम्य होतो, पुरता मिटत नाही. मुलुंडचे डम्पिंग 2018 मध्ये बंद झाले, देवनारच्या 2016 च्या आगीचा धूर उपनगरांनी कित्येक दिवस सोसला. अशा शहरात लिथियमचे सेल ओल्या कचऱ्यात जाता कामा नयेत. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 प्रमाणे वापरलेल्या सेलची जबाबदारी उत्पादक आणि आयातदार यांच्यावर येते, तेव्हा परत घेण्याची अट पुरवठ्याच्या करारातच लिहून घ्यावी. तोवर संपलेल्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावूनच तो डब्यात टाकायचा.