लसीची खरेदी आणि लोकांचा विश्वास

२०२१ सालच्या मे महिन्याच्या मध्यास बंगळूर शहरात एक विलक्षण परिस्थिती उद्भवली. कोविडच्या दुसऱ्या लाटेने शहर त्रस्त झाले होते. रोगापासून संरक्षण देणारी लस तयार झाली होती, आणि ती टोचून घेण्यास हजारो लोक उत्सुक होते. तरीही १८ ते ४४ या वयोगटाचे लसीकरण कर्नाटक सरकारला १४ मेपासून थांबवावे लागले. हाती असलेला अपुरा साठा, पहिली मात्रा घेऊन दुसरीची वाट पाहत असलेल्या अधिक वयाच्या नागरिकांसाठी राखून ठेवणे भाग होते. त्याच महिन्यात शहरातील काही खासगी रुग्णालयांत मात्र पैसे मोजणाऱ्यास लस मिळू लागली. सरकारी केंद्रावरून रिकाम्या हाताने परतलेल्या माणसाच्या मनात तेव्हा साहजिकच प्रश्न उभे राहिले : लस कोणी विकत घेतली? किती घेतली? कोणत्या भावाने घेतली? आणि ती गेली कोठे?

हे प्रश्न वैद्यकशास्त्राचे नव्हेत. ते हिशेबाचे आहेत. परंतु हिशेबाच्या प्रश्नाला वेळेवर उत्तर मिळाले नाही, म्हणजे संशय हिशेबापुरता राहत नाही. तो हळूहळू खुद्द लसीवर जाऊन बसतो. असे का होते, हे समजण्यासाठी लसीची खरेदी इतर खरेदीहून वेगळी कशी, हे प्रथम पाहिले पाहिजे.

लस आणि इतर माल

सरकार रस्त्यासाठी खडी विकत घेते, तेव्हा खडी बरी की वाईट हे रस्त्यावरून जाणाऱ्या कोणासही थोड्याच दिवसांत कळते. लसीचे तसे नाही. लहानशा कुपीतील द्रव गुणकारी आहे की निरुपयोगी, हे डोळ्यांना दिसत नाही. लस ही सजीवांपासून किंवा त्यांच्या घटकांपासून सिद्ध होणारी वस्तू असल्यामुळे तिची प्रत्येक खेप स्वतंत्रपणे तपासावी लागते. भारतात हे काम हिमाचल प्रदेशातील कसौली येथील केंद्रीय औषध प्रयोगशाळा करते. तपासलेली लसही, निदान भारतात २०२१ साली मुख्यतः वापरल्या गेलेल्या दोन्ही लसी, २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. ही शीतसाखळी कोठेही तुटली तर लसीचा गुण कमी होतो.

दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. औषध आजारी मनुष्य घेतो. दुखणे असह्य झाल्यावर तो थोडा धोका पत्करण्यासही तयार असतो. लस मात्र निरोगी माणसाला, पुष्कळदा तान्ह्या मुलाला, टोचली जाते. तिने टळलेला रोग कोणास दिसत नाही. टोचल्यानंतर आलेला ताप मात्र घरातील सर्वांस दिसतो. म्हणून लस घेणाऱ्यास शास्त्रज्ञाच्या, डॉक्टरच्या आणि सरकारच्या शब्दावर विसंबून राहावे लागते.

तिसरा भेद बाजाराचा. साथीच्या वेळी विकणारे मूठभर असतात, घेणारे सारे जग असते, आणि लस तयार होण्यापूर्वीच पैसे गुंतवावे लागतात. अशा बाजारात घासाघीस करण्याची शक्ती एकत्र आलेल्या मोठ्या खरेदीदाराला असते. वेगवेगळ्या लहान खरेदीदारांना ती नसते.

या सर्वांमुळे सरकारच्या अंगावर एकाच वेळी अनेक भूमिका येऊन पडतात. लसीला परवाना देणारे तेच, ती विकत घेणारे तेच आणि लोकांना ती घ्या म्हणून सांगणारेही तेच. परीक्षक आणि गिऱ्हाईक एकच असला की परीक्षेविषयी शंका येणे हा मनुष्यस्वभाव आहे. शंका खरी असेलच असे नाही. परंतु तिचे निरसन करण्याची जबाबदारी सरकारवरच राहते.

जुने अनुभव

हा प्रश्न नवा नाही. एडवर्ड जेन्नरने १७९६ साली इंग्लंडात शोधलेली देवीची लस व्हिएन्ना, बगदाद आणि बसरा या मार्गाने एका दंडावरून दुसऱ्या दंडावर टोचली जात मुंबईस पोहोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस ती टोचली गेली, आणि तेथून ती देशभर पसरली. ही लस गाईच्या सौम्य देवीपासून मिळालेली, ती परक्या सत्तेने आणलेली, आणि ती एका जातीच्या मुलाच्या दंडावरून दुसऱ्या जातीच्या मुलाच्या दंडावर जाणारी. लोक बिचकले यात नवल नाही. म्हैसूरच्या वाडियार राजघराण्याने या कामी पुढाकार घेतला. तरुण राजे तिसरे कृष्णराज वाडियार यांच्या राणी देवाजम्मणी यांनी लस टोचून घेतली, आणि ते वर्तमान १८०६ साली प्रसिद्ध झाल्यावर प्रजेतील अनेक जण पुढे आले. थॉमस हिकी या चित्रकाराने १८०५ च्या सुमारास काढलेल्या तीन राजस्त्रियांच्या चित्रात लसीकरणाचीच खूण दाखविली आहे, असे अनुमान इतिहासकार नायजेल चॅन्सेलर यांनी केले आहे. चित्राचा अर्थ काहीही असो, राजवाड्याने घेतलेली लस प्रजेला विश्वासार्ह वाटली, एवढे खरे.

प्लेगच्या वेळी असे घडले नाही. १८९६ साली मुंबईत सुरू झालेली ही साथ १८९८ साली बंगळूरला पोहोचली. तोवर पुण्यात सोजिरांकडून होणाऱ्या घरझडत्यांनी लोक इतके संतप्त झाले होते की, २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत स्वतःच्या शरीरावर टोचून पाहिलेली प्लेगची लस अशा वातावरणात लोकांपुढे आली. बंगळूरच्या प्लेग छावण्यांत डॉ. पद्मनाभन पल्पू यांनी धोका पत्करून काम केले. जातीच्या कारणावरून त्रावणकोर संस्थानाने त्यांना नोकरी नाकारली होती, आणि म्हैसूर संस्थानाने ती दिली होती.

पुढे १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी हाफकिनची लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मृत्यू पावले. हे सर्व जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. इतर बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नाही. पंजाबातील मोठ्या मोहिमेसाठी लस झपाट्याने पुरविता यावी म्हणून ती निर्जंतुक करण्याची पद्धत प्रयोगशाळेत बदलली होती, आणि चौकशी समितीने तिच्यावरच ठपका ठेवला. हाफकिनला पदावरून दूर करण्यात आले. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेत नसून, गावी बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, असे मानण्यास सबळ पुरावा होता. तथापि रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी जाहीरपणे आवाज उठविल्यावरच, १९०७ साली, हाफकिन दोषमुक्त झाला. त्या पाच वर्षांत पुरावा लोकांपुढे मांडला गेला नाही, आणि बदनामी मात्र माणसाबरोबर लसीचीही झाली.

परवान्याचा वाद

या पार्श्वभूमीवर २०२१ सालच्या घटना पाहाव्या. ३ जानेवारी २०२१ रोजी भारताच्या औषध महानियंत्रकांनी दोन लसींना तातडीच्या वापराचा परवाना जाहीर केला. एक पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने उत्पादित केलेली कोविशील्ड. दुसरी हैदराबादच्या भारत बायोटेकने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने वेगळा केलेला विषाणू वापरून, सिद्ध केलेली कोव्हॅक्सिन. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष तेव्हा हाती आले नव्हते. म्हणून तिचा परवाना ‘चाचणीच्या स्वरूपात’ वापरण्यापुरता होता आणि ती घेणाऱ्यास संमतिपत्रावर सही करावी लागे.

येथे सरकारच्या भूमिकांत आणखी एका भूमिकेची भर पडली. परवाना देणारे, खरेदी करणारे आणि टोचणारे सरकार लसीच्या संशोधनातही भागीदार होते. शंका घेणाऱ्यांत डॉक्टरही होते. १६ जानेवारीला मोहीम सुरू झाली त्याच दिवशी दिल्लीतील एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या निवासी डॉक्टरांनी दुसरी लस मिळावी अशी लेखी मागणी केली. मात्र चर्चेला लवकरच पक्षीय रंग चढला. एका बाजूने शास्त्रीय प्रश्नाला देशाभिमानाच्या अभावाचे नाव दिले गेले. दुसऱ्या बाजूने अपुऱ्या माहितीचा अर्थ लस निकामी आहे असा लावला गेला. दोन्ही गोष्टी चुकीच्या होत्या. सुमारे २५,८०० स्वयंसेवकांवरील चाचणीत ही लस ७७.८ टक्के परिणामकारक ठरली, असा निष्कर्ष त्याच वर्षी पुढे प्रसिद्ध झाला. म्हणजे लस चांगली निघाली. परंतु ती चांगली असल्याचा पुरावा परवान्याच्या मागून आला. क्रम उलटा झाल्याने जो विश्वास सहज मिळाला असता, तो प्रयासाने मिळवावा लागला.

एक वस्तू, अनेक भाव

एप्रिलपर्यंत सर्व लस केंद्र सरकार विकत घेऊन राज्यांस मोफत देत असे. १९ एप्रिल २०२१ रोजी हे धोरण बदलल्याचे जाहीर झाले. १ मेपासून उत्पादनाचा अर्धा भाग केंद्राने घ्यावा आणि उरलेला अर्धा राज्यांनी व खासगी रुग्णालयांनी थेट उत्पादकांकडून घ्यावा, असे ठरले. केंद्राला एक मात्रा १५० रुपयांस मिळत होती. कोविशील्डचा राज्यांसाठीचा भाव प्रथम ४०० रुपये जाहीर झाला आणि टीकेनंतर ३०० रुपयांवर आला. खासगी रुग्णालयांसाठी तो ६०० होता. कोव्हॅक्सिनचा राज्यांसाठीचा भाव ६०० वरून ४०० झाला. खासगी भाव १,२०० होता.

उत्पादकांच्या बाजूनेही काही म्हणणे होते. कारखाना वाढविण्यास भांडवल लागते आणि केंद्राला दिलेल्या कमी भावातून ते उभे राहत नाही, असा युक्तिवाद होता. परंतु सामान्य नागरिकाला दिसले ते इतकेच की, त्याच कुपीला तीन गिऱ्हाइके आहेत आणि तीन भाव आहेत.

कर्नाटकाने देशातील उत्पादकांकडे ३ कोटी मात्रांची मागणी नोंदविली. पण पैसे तयार असूनही माल वेळेवर मिळेना. तेव्हा राज्याने २ कोटी मात्रांसाठी जागतिक निविदा काढली. मुंबई महानगरपालिकेनेही १२ मे रोजी १ कोटी मात्रांसाठी तसेच केले. दोन्ही ठिकाणी आलेले देकार आवश्यक कागदपत्रांच्या कसोटीस उतरले नाहीत आणि प्रयत्न सोडून द्यावे लागले. कारण उघड होते. काही परदेशी कंपन्यांनी पंजाब आणि दिल्ली सरकारांना स्पष्ट कळविले होते की, त्या व्यवहार करतील तो केवळ केंद्र सरकारशी. एकाच देशातील राज्ये आणि शहरे एकाच मालासाठी परस्परांविरुद्ध बोली लावू लागली, तर भाव वाढतो आणि माल मात्र वाढत नाही.

न्यायालयांनी मागितलेला हिशेब

बंगळूर येथील उच्च न्यायालयात मुख्य न्यायाधीश अभय ओक यांच्या खंडपीठापुढे या तुटवड्याची सुनावणी झाली. दुसऱ्या मात्रेचे पात्र नागरिक किती, साठा किती आणि तूट कशी भरून काढणार, हे प्रश्न न्यायालयाने सरकारला विचारले. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात, १८ ते ४४ वयोगटाला स्वखर्चाने लस घ्यावयास लावणारे धोरण प्रथमदर्शनी मनमानी आणि अतार्किक असल्याचे म्हटले. अंदाजपत्रकात लसीसाठी ठेवलेल्या ३५,००० कोटी रुपयांचा विनियोग कसा झाला, कोणती मागणी कोणत्या तारखेस नोंदविली, याचा तपशीलही मागितला. ७ जून रोजी धोरण पुन्हा बदलले. २१ जूनपासून उत्पादनाचा ७५ टक्के भाग केंद्राने घेऊन राज्यांस मोफत द्यावा, असे ठरले. खासगी रुग्णालयांच्या आकारणीवर मर्यादा आली. पुरवठाही वाढत गेला, आणि २१ ऑक्टोबर २०२१ रोजी देशात टोचलेल्या मात्रांची संख्या १०० कोटींवर पोहोचली.

२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक निर्णय दिला. कोणाच्याही शरीरात त्याच्या इच्छेविरुद्ध लस घालता येणार नाही. सरकारचे लसीकरणाचे धोरण मात्र अवाजवी नाही. आणि चाचण्यांचे निष्कर्ष तसेच टोचणीनंतरच्या दुष्परिणामांची नोंद लोकांना पाहता आली पाहिजे, अशी त्याची तीन मुख्य सूत्रे होती.

विश्वास कशाने टिकतो

या सर्व घटनांतून एक गोष्ट स्पष्ट होते. लसीविषयीचा प्रत्येक संशय अज्ञानातून येत नाही. काही संशय अफवांतून जन्मतात, आणि त्यांना शास्त्रीय माहिती हेच उत्तर असते. काही मात्र न मिळालेल्या हिशेबातून जन्मतात. त्यांना विज्ञानाचे व्याख्यान हे उत्तर होऊ शकत नाही, हिशेबच दाखवावा लागतो. या दोहोंची गल्लत केली की सरकार प्रामाणिक प्रश्न विचारणाऱ्यास अडाणी ठरविते आणि नागरिक उत्तम लसीस फसवणूक समजतो. त्यात हानी होते ती लस न घेता घरी राहिलेल्या माणसाची.

म्हणून परवाना देणारा आणि खरेदी करणारा यांनी आपापले काम वेगळे ठेवावे. परवान्याचा पुरावा परवान्याबरोबरच प्रसिद्ध व्हावा. भाव, मागणीची तारीख आणि आलेला साठा लोकांस वाचता येईल अशा रीतीने मांडला जावा. आणि काही बिघडले तर ते सरकारनेच प्रथम सांगावे. १८०६ साली राणीच्या उदाहरणाने प्रजा लस घेण्यास पुढे आली. लोकशाहीत ते स्थान कोणा राणीचे नाही. तेथे नागरिकाला उघडी वही दिसावी लागते, आणि ती दिसली म्हणजे तो दंड पुढे करतो.