गाळातील चुंबकत्व आणि मिसूलाचे महापूर

सुमारे १८,००० ते १५,००० वर्षांपूर्वी अमेरिकेच्या वायव्य भागात हिमस्तराच्या एका जिभेने क्लार्क फोर्क नदी अडवल्यामुळे मिसूला हे प्रचंड सरोवर तयार झाले आणि तो बर्फाचा बांध फुटल्यावर सुटलेल्या पाण्याने पूर्व वॉशिंग्टनमधील बेसॉल्ट खरवडून काढला.

जे. हार्लन ब्रेट्झ यांनी १९२३ मध्ये महापुराची कल्पना मांडली, तेव्हा बहुतेक भूवैज्ञानिकांनी ती धुडकावली.

पुराचा गाळ कोठला, हे ठरवण्यास चुंबकीय ग्रहणशीलता, म्हणजे बाह्य क्षेत्रात पदार्थ किती चुंबकित होतो हे सांगणारा गुणधर्म, उपयोगी पडते. दख्खनच्या काळ्या पाषाणाप्रमाणेच कोलंबिया खोऱ्यातील बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोहखनिज असल्याने ती जास्त भरते, तर सरोवराकाठच्या प्राचीन रूपांतरित गाळखडकांत ती सहसा बरीच कमी असते. मात्र कणांच्या आकारानेही हे मूल्य बदलते, म्हणून केवळ एका आकड्यावर विसंबणे धोक्याचे.

अवशिष्ट चुंबकत्वाचा पुरावा अधिक मोलाचा मानावा लागेल. संथ पाण्यात खाली बसताना सूक्ष्म चुंबकीय कण तत्कालीन भूचुंबकीय क्षेत्राच्या दिशेने वळतात व ती दिशा गाळात टिकते. हे क्षेत्र शतकानुशतके सावकाश सरकत असल्याने, एकाच पुरात साचलेल्या सर्व थरांत दिशा जवळजवळ सारखी हवी. दक्षिण वॉशिंग्टनमधील थरांत ती बदलत गेलेली आढळली, अर्थात पूर एक नसून दीर्घ काळात आलेले अनेक होते. थरांदरम्यान सापडलेली सेंट हेलेन्स ज्वालामुखीची राखही हेच सुचवते.