पांढरी वाईन : चाखायची कशी, घरात ठेवायची कशी?

दिंडोरी, निफाड, इगतपुरी या पट्ट्यात वाईनची द्राक्षं लावणारे शेतकरी बरेच आहेत. जानेवारी ते मार्चमध्ये माल वायनरीत जातो, ब्रिक्स मोजला जातो, वजनाची पावती हातात येते आणि आपल्यासाठी विषय तिथंच संपतो. पण वायनरीवाला आपल्या घडात जे बघतो, ते शेवटी बाटलीतल्या चवीसाठीच बघतो. त्यामुळं ही चव ओळखता येणं पिणाऱ्याच्या जितकं कामाचं, तितकंच पिकवणाऱ्याच्याही कामाचं आहे.

पांढरी का होते?

द्राक्षाचा रंग सालीत असतो. पांढऱ्या वाईनसाठी द्राक्षं दाबून फक्त रस घेतात, साल बाजूला काढतात. हा रस स्टीलच्या टाकीत थंड ठेवून आंबवतात, साधारण १२ ते १६ अंश सेल्सिअसला. यीस्ट साखर खातं आणि तिचं अल्कोहोल होतं. म्हणून ब्रिक्सला महत्त्व. पण नुसती गोडी वाढून भागत नाही. गोडी चढते तशी आंबटपणा उतरतो. माल वेलीवर जास्त दिवस राहिला तर वाईन जड आणि बेचव होते, लवकर तोडला तर कच्ची आणि बोचरी. काढणीची तारीख ठरवताना वायनरी घाई किंवा उशीर का करते, ते यात आलं.

नाशिकजवळ राजीव सामंत यांनी १९९७ साली सोव्हिनियॉन ब्लां आणि चेनिन ब्लां या दोन पांढऱ्या जाती लावल्या. आज आपल्याकडच्या पांढऱ्या वाईनमध्ये याच दोन जाती जास्त दिसतात.

चाखायच्या चार पायऱ्या

आधी तंबाखू, पान, तिखट चिवडा बाजूला ठेवा. खोलीत उदबत्ती नको. वाईन ८ ते १० अंशाला चांगली लागते. फ्रिजमधून काढून दहाएक मिनिटं बाहेर ठेवली की पुरे. फार गार असली तर वास दबतो.

१) बघा : ग्लास तिसरा हिस्साच भरा आणि पांढऱ्या कागदासमोर धरा. ताजी वाईन फिकट, हिरवट-पिवळी दिसते. नवी बाटली तपकिरी दिसली तर शंका घ्या.

२) वास घ्या : ग्लास गोल फिरवा, मग नाक आत घाला. अर्धी चव नाकातच कळते. सर्दीत जेवण बेचव का लागतं, आठवा.

३) तोंडात घोळवा : छोटा घोट घ्या, लगेच गिळू नका. गोडी किती, आंबट किती ते बघा. चिंच आठवल्यावर सुटतं तसं पाणी तोंडाला सुटलं, तर आंबटपणा चांगला आहे.

४) शेवट बघा : घोट गेल्यावर चव किती वेळ राहते? लगेच गेली तर वाईन साधी, रेंगाळली तर चांगली.

चाखणारे जाणकार घोट थुंकून टाकतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. दहा बाटल्या तपासायच्या तर शुद्धीवर राहायला हवं.

कोणती जात कशी लागते?

सोव्हिनियॉनला कापलेल्या गवताचा, हिरव्या ढोबळी मिरचीचा, कधी पेरूचा वास येतो. चव आंबटसर, तरतरीत. चेनिनमध्ये सफरचंद, नाशपाती, थोडा मधाचा भास असतो. शार्डने ओकच्या लाकडी पिंपात ठेवली असेल तर लोण्यासारखी, भरदार लागते. व्हिओनिएला फुलांचा आणि जर्दाळूचा वास असतो.

लेबलवर 'ड्राय' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ साखर जवळजवळ उरलेली नाही. तिखट जेवणासोबत ड्रायपेक्षा थोडी गोडसर चेनिन बरी, कारण अल्कोहोलनं तिखट जास्त झोंबतं आणि गोडी ते शमवते. तळलेल्या माशासोबत सोव्हिनियॉन जमते.

ओल्या पुठ्ठ्याचा किंवा कुबट गोणपाटाचा वास आला तर बूच खराब. व्हिनेगरचा वास आला तर वाईन आंबून गेलेली. अशी बाटली पाहुण्यांपुढं ठेवू नका.

घरचा साठा : सहा बाटल्या पुरेत

एकाच वाईनची पेटी आणण्यापेक्षा वेगवेगळ्या सहा घ्या : एक सोव्हिनियॉन, एक ड्राय चेनिन, एक गोडसर चेनिन, एक शार्डने, एक फसफसणारी स्पार्कलिंग आणि तुलनेसाठी एक लाल. लेबलवर द्राक्षाच्या हंगामाचं साल बघा. सोव्हिनियॉन आणि साधी चेनिन दोन वर्षांच्या आत संपवावी. ओकमधली शार्डने थोडी जास्त टिकते. वाईन जितकी जुनी तितकी भारी, हा समज आपल्याकडच्या बहुतेक पांढऱ्या वाईनला लागू नाही.

ठेवायच्या कुठं?

वाईनचे शत्रू तीन : ऊन, उजेड आणि सारखं बदलणारं तापमान. १२ ते १४ अंश, अंधार आणि शांत जागा, हे उत्तम. पत्र्याची खोली, चुलीजवळची फळी, कांद्याची चाळ, उन्हात उभ्या गाडीची डिकी, या जागा नकोतच. जुन्या वाड्याचं तळघर किंवा जाड मातीच्या भिंतींचं माजघर थंडीत चालतं. एप्रिल-मेमध्ये तिथंही उष्णता पोचते, तेव्हा बाटल्या सरळ फ्रिजमध्ये ठेवा. बुचाची बाटली आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहतं आणि हवा आत जात नाही. फिरकीच्या झाकणाची उभी ठेवली तरी चालते. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते.

हिशेब आणि कायदा

'वाईन म्हणजे द्राक्षाचा ज्यूस' असं कोणी म्हणालं तर हिशेब सांगा. १२ टक्क्यांच्या वाईनच्या १५० मिलीच्या ग्लासात १८ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये ते साधारण १३ मिली असतं. म्हणजे एक ग्लास जवळजवळ दीड पेग, आणि ७५० मिलीची पूर्ण बाटली सात पेग. ज्या घरात दारूनं आधीच त्रास आहे, तिथं साठा करूच नये. पिऊन गाडी किंवा ट्रॅक्टर चालवू नये. बाटल्या कुलपात, पोरांच्या हाताबाहेर ठेवाव्यात.

परवाना कोणता लागतो आणि घरात किती बाटल्या चालतात, हे राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात आधी विचारून घ्या. शेतात हुरडा पार्टी किंवा कृषी पर्यटन चालवणाऱ्यांनी तर नक्कीच. लायसन्सशिवाय पाहुण्यांना वाईन विकणं गुन्हा आहे.

बागायतदारासाठी एक काम

पुढच्या हंगामात काढणीआधी दोन आठवडे रोज चार-पाच वेलींचे मणी चाखा. साल चावून बघा, बी हिरवं की तपकिरी ते बघा, ब्रिक्ससोबत चवही वहीत लिहा. वायनरीचा माणूस प्लॉटवर आला की त्याच्याशी नुसत्या गोडीवर नाही, आंबटपणावर आणि वासावरही बोला. माल का नाकारला किंवा काढणी का लांबवली, हे विचारायला मग आपल्याकडं शब्द असतील.