तीन महिने कुणाला सांगायचं नाही?

“तीन महिने होऊ देत, मग सांगू सगळ्यांना.” दिवस गेल्याची शंका आली की आपल्याकडे बहुतेक घरांत हेच वाक्य ऐकू येतं. त्यामागे दृष्ट लागण्याची भीती असते, तसा एक खरा अनुभवही असतो. आपोआप होणारे बहुतेक गर्भपात पहिल्या १२ आठवड्यांतच होतात. त्यांतल्या जवळपास निम्म्यांचं कारण गर्भाच्या गुणसूत्रांतली गडबड हे असतं. बातमी कुणाला सांगितली, कुणाची नजर लागली, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. तरीही नातेवाइकांना उशिरा सांगायला कुणाची हरकत असू नये. तो त्या जोडप्याचा प्रश्न. पण हे मौन डॉक्टर आणि आशाताईंच्या बाबतीतही पाळलं जातं आणि पहिली नोंदणी चौथ्या-पाचव्या महिन्यात होते, तेव्हा मात्र वाईट वाटतं. गर्भाच्या घडणीचा सगळ्यांत नाजूक काळ तोवर निघून गेलेला असतो.

आठवड्यांचा हिशोब आधी नीट समजून घ्यायला हवा. डॉक्टर गरोदरपण मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे पाळी चुकली त्या दिवशी कागदावर ४ आठवडे झालेलेच असतात. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून तयार होतात, ती नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. थोडक्यात, पाळी चुकल्यापासून जेमतेम दोन आठवडे. ती नीट बंद व्हावी म्हणून फॉलिक अ‍ॅसिडची रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यायची असते, खरं तर मूल हवं असं ठरवलं तेव्हापासूनच. चौथ्या महिन्यात सुरू केलेली गोळी बाईच्या रक्तासाठी उपयोगाची असते, पण त्या नळीसाठी तिला उशीर झालेला असतो.

म्हणून पाळीची तारीख लक्षात असणं महत्त्वाचं. पूर्वी वाड्यांतून पाळी आलेली बाई चार दिवस बाजूला बसायची, त्यामुळे कुणाची पाळी कधी चुकली हे अख्ख्या घराला कळायचं. सुनेआधी सासूबाईच विचारायच्या, “या महिन्यात बसली नाहीस गं?” ती प्रथा गेली हे उत्तम झालं, जिथे अजून उरली आहे तिथूनही ती जायला हवी. मात्र आता दिवस मोजणारं दुसरं कुणी नाही. मोबाइलमध्ये म्हणा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर म्हणा, तारखेभोवती एक गोल काढून ठेवणं एवढं प्रत्येकीने करावंच.

पाळी चुकणं ही सगळ्यांत भरवशाची खूण, पण तीही फसवते. पीसीओएस, थायरॉइड, एकदम घटलेलं वजन, मोठा ताण, चाळिशीनंतर अनियमित झालेली पाळी, अशी इतरही कारणं असतात. उलट, अंगावर पाजणाऱ्या बाईला पाळी परत सुरू होण्याआधीच दिवस जाऊ शकतात, कारण बीजांड बाहेर पडतं ते पाळीच्या आधी. “अजून पाळीच आली नाही, मग कसं राहील?” या समजुतीवर कितीतरी बायका निर्धास्त असतात. आणखी एक गोंधळ म्हणजे पाळीच्या तारखेच्या आसपास दिसणारा हलका डाग. गर्भ गर्भाशयात रुजताना काहींना गुलाबी किंवा तपकिरी डाग दिसतो, एखाद-दोन दिवसांत थांबतो. “यावेळी कमीच गेलं” म्हणून तो पाळीत धरला जातो आणि पुढचा सगळा हिशोब महिनाभर चुकतो. नेहमीपेक्षा फार कमी स्राव झाला असेल तर चाचणी करून घेतलेली बरी.

बाकीच्या खुणा शरीर हळूहळू दाखवतं. छाती जड होते, दुखते, ब्लाउज घट्ट वाटतो. दुपारीच डोळे मिटायला लागतात. प्रोजेस्टेरॉन वाढल्याने येणारी ही झोप आळसाची नव्हे. लघवीला वारंवार जावं लागतं. पोट फुगतं, शौचाला साफ होत नाही. तोंडाला धातूसारखी चव येते. कालपर्यंत आवडणारा फोडणीचा वास आज नकोसा होतो. यांतल्या बऱ्याच गोष्टी पाळीआधीही होतात, कारण तेव्हाही प्रोजेस्टेरॉन वाढलेलं असतं. त्यामुळे लक्षणं मोजून निष्कर्ष काढू नये. काहीच लक्षण नाही म्हणून गर्भ नाही, असंही नसतं.

मळमळीबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. ती बहुधा सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, दिवसभरात केव्हाही होते आणि १६व्या आठवड्यापर्यंत बहुतेकींची ओसरते. “आम्हीही काढली बाळंतपणं, एवढं कौतुक नव्हतं” हे वाक्य ज्या सुनेने ऐकलं असेल तिच्यासाठी एक गोष्ट सांगते. गर्भ आणि वार यांच्यातून येणारं जीडीएफ१५ नावाचं संप्रेरक या ओकाऱ्यांच्या मुळाशी आहे, असं २०२३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनातून स्पष्ट झालं. ज्या बाईच्या शरीरात ते आधी कमी असतं, तिला त्याच्या वाढीचा त्रास अधिक होतो. म्हणजे एकीला काहीच न होणं आणि दुसरीला उभं राहवत नसणं, दोन्ही खरं असतं. दिवसभर पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल, लघवी गडद आणि थोडी होत असेल, वजन उतरत असेल, तर दवाखान्यात नेऊन सलाइन लावावं लागतं. घरी आल्याचा रस देत बसू नये.

डोहाळे आंबटाचे की गोडाचे यावरून मुलगा-मुलगी सांगणाऱ्या आत्याबाई प्रत्येक घरात असतात. त्यात तथ्य नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला, देशाचा कायदा १९९४ साली आला. त्या राज्यात हा विषय गमतीनेही काढू नये असं मला मनापासून वाटतं.

खात्री करायची ती चाचणीने. गर्भ रुजल्यावर एचसीजी नावाचं संप्रेरक रक्तात आणि मग लघवीत येतं, आणि सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होत जातं. १९३०-४० च्या दशकांत हे ओळखायला बाईची लघवी बेडकीला टोचत आणि तिने अंडी घातली की बाई गरोदर ठरे. घरी करायच्या चाचणीची कल्पना १९६७ साली न्यू जर्सीतल्या ऑर्गेनॉन कंपनीत काम करणाऱ्या मार्गारेट क्रेन या ग्राफिक डिझायनर तरुणीला सुचली; डॉक्टरांआधी बाईला स्वतःला कळावं, हा तिचा आग्रह होता. आज तीच सोय मेडिकलमध्ये थोड्या पैशांत मिळते आणि सरकारचं ‘निश्चय’ किट आशाताई फुकट देतात.

पाळी चुकल्यानंतर सकाळची पहिली लघवी घ्यावी, पाकिटावर लिहिलेल्या वेळातच निकाल पाहावा. दुसरी रेघ फिकट असली तरी ती रेघच. तासाभराने उमटलेल्या रेघेला मात्र अर्थ नाही. एकच रेघ आली आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा करावी. साखर, मीठ, सोडा घालून करायच्या घरगुती चाचण्यांना काहीही आधार नाही.

दोन रेघा दिसल्या की त्याच आठवड्यात तपासणी. रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, थायरॉइड पाहिलं जातं. फिट्स, रक्तदाब किंवा मुरुमांसाठी गोळ्या चालू असतील तर लगेच सांगावं, कारण काही औषधं गर्भाला घातक असतात. पण फिट्सची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलची तपासणी नवरा-बायको दोघांची व्हायला हवी. दोघंही वाहक असतील, तर गर्भाची तपासणी करायला दहाव्या-बाराव्या आठवड्यापासूनच वेळ असतो. आणि मिश्री. दात घासण्याच्या निमित्ताने लागलेली ही तंबाखू बायकांना व्यसन वाटतच नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांच्या अभ्यासात, मिश्रीसारखी तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी शंभरेक ग्रॅमने कमी भरलं. मिश्री दोन रेघा दिसल्या त्याच दिवशी सोडावी.

हे सगळं लिहिताना बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बायका डोळ्यांसमोर येतात. खाडा झाला की पैसे कापले जातात, म्हणून मळमळत असतानाही त्या मोळी उचलतात, आणि गावची आशाताई तिकडे नसते. जिथे टोळी उतरली आहे तिथल्या आरोग्य केंद्रातही नोंदणी होते, दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, हे त्यांना मुकादमाने सांगायला हवं. ती त्याचीही जबाबदारी आहे.

सगळ्याच दोन रेघा आनंदाच्या नसतात. गर्भ नको असेल तर कायद्याने मार्ग दिला आहे. १८ वर्षांवरच्या बाईला फक्त स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची किंवा आईवडिलांची सही लागत नाही, लग्न झालं असो वा नसो. तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. गोळ्यांनी गर्भपात ९ आठवड्यांपर्यंत करता येतो, म्हणूनही लवकर कळणं मोलाचं. पण त्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नयेत. गर्भ कधी कधी गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीतच रुजतो आणि त्यावर त्या गोळ्यांचा उपयोग होत नाही. रक्तस्राव होतो, बाईला वाटतं सुटले, आणि आत नळी फुटायच्या बेतात असते. ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, खांद्याच्या टोकाला दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही झालं तर रात्र आहे म्हणून थांबू नये; १०८ ला फोन करावा आणि पाळी चुकून किती दिवस झाले ते पहिल्याच वाक्यात सांगावं.