हेमंतातील वनयात्रा : नियोजनाचे माप अर्धशक्ती

मार्गशीर्ष लागला की आपल्यापैकी अनेकांना सह्याद्रीच्या रानवाटा खुणावू लागतात. पावसाळ्यातील निसरडे संपलेले असते, चैत्रातील उन्हाचा ताप अजून दूर असतो आणि हिरडा, बेहडा, आवळा यांची फळे झाडावरच पाहावयास मिळतात. चिकित्सालयात येणारे रुग्णही याच सुमारास विचारतात, “डॉक्टर, मित्रांबरोबर चार दिवस डोंगरात चाललोय, सोबत कोणतं औषध ठेवू?” या प्रश्नाला दोन-तीन वटींची नावे लिहून देणे हे सोपे उत्तर आहे. परंतु अनेक दिवसांच्या वनयात्रेत प्रकृती बिघडते ती बहुधा औषध नसल्यामुळे नव्हे, तर नियोजन चुकल्यामुळे. प्रस्तुत लेखात हे नियोजन वैद्याच्या दृष्टीने कसे करावे, याचा विचार केला आहे.

वाग्भटाचार्यांनी दिनचर्येत व्यायामाचे जे प्रमाण सांगितले आहे, तेच या विषयाचे मूळ सूत्र होय. बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या व्यक्तीने शीतकाळात व वसंतात व्यायाम करावा, तोही अर्ध्या शक्तीने. इतर ऋतूंत त्याहून अल्प. अर्धशक्तीची खूण सुश्रुताचार्यांनी सांगून ठेवली आहे. व्यायाम करताना श्वास मुखावाटे येऊ लागला की अर्धे बल खर्ची पडले असे समजावे. सोप्या भाषेत, चढण चढता चढता सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, तर थांबण्याची वेळ झाली. आता प्रश्न उरतो तो असा की, दहा जणांच्या गटात ही अर्धशक्ती कोणाची मानावी? माझ्या मते, गटातील सर्वांत दुर्बल सदस्याची. वाटेची लांबी, मुक्काम, ओझे आणि आहार हे सर्व याच एका मापाने ठरवावे.

कोण येणार, कोण नाही

चरकसंहितेच्या विमानस्थानातील दशविध परीक्षा आपण सर्वांनी पाठ केलेली आहे. वनयात्रेपूर्वी तिचा प्रत्यक्ष उपयोग करता येतो. आहारशक्ती, व्यायामशक्ती, सत्त्व आणि वय हे चार भाव तर प्रत्येक सदस्याचे तपासावेतच. व्यायामशक्ती विचारून कळत नाही, ती कर्मावरून ओळखावी लागते. म्हणून निघण्यापूर्वी सहा आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, पाठीवर हळूहळू वाढते ओझे घेऊन जिन्याचा किंवा टेकडीचा सराव ठेवावा. ज्याला हा सराव साधत नाही, त्याला प्रेमाने पुढच्या वर्षाचे आमंत्रण द्यावे.

चालताना छातीत दडपण जाणवणारे, तमक श्वासाचे वेग अलीकडेच येऊन गेलेले, नुकताच ज्वर उतरलेले आणि गर्भिणी यांना या यात्रेत नेऊ नये. वमन किंवा विरेचन झाल्यानंतर संसर्जनक्रम पुरा होऊन अग्नी व बल पूर्ववत होईपर्यंत असा श्रम वर्ज्य समजावा. मधुमेही रुग्ण इन्सुलिन किंवा रक्तशर्करा उतरवणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर दीर्घ चालण्याने साखर एकाएकी खाली येऊ शकते. मात्रेविषयी त्याने आपल्या चिकित्सकाचा सल्ला आधी घ्यावा आणि ग्लुकोज खिशात ठेवावे, पिशवीच्या तळाशी नव्हे. श्वासाचा पंप, रक्तदाबाच्या गोळ्या यांसारखी नित्याची औषधे “चार दिवस आयुर्वेदावर राहू” म्हणून कोणी बंद करत असेल, तर त्याला स्पष्ट शब्दांत थांबवणे हे आपले कर्तव्य आहे.

मार्ग व मुक्काम

उदाहरणादाखल रतनवाडी ते हरिश्चंद्रगड हा मार्ग घेऊ. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील ही वाट कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातून जाते. हे अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. उत्साही तरुण ही वाट तीन दिवसांत पार करतात. अर्धशक्तीचे माप लावले, तर पाच दिवस आणि चार रात्री ठेवाव्यात.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठच्या रतनवाडीस पोहोचावे, अमृतेश्वराचे दर्शन घेऊन लवकर झोपावे. दुसऱ्या दिवशी मोठे ओझे गावातच ठेवून रतनगड चढावा आणि परत यावे. हा दिवस परीक्षेचा आहे. ज्याचे गुडघे किंवा दम बोलू लागतील, त्याला रतनवाडीतूनच वाहनाने घरी जाता येते. तिसऱ्या दिवशी कात्राबाईच्या खिंडीतील दाट रानातून कुमशेत गाठावे. सर्वांत लांब टप्पा हाच. चौथ्या दिवशी कुमशेतहून पाचनई. पाचव्या दिवशी पहाटे गड चढून हरिश्चंद्रेश्वर व केदारेश्वराची गुहा पाहावी, कोकणकड्यावर थोडे थांबावे आणि टोलार खिंडीने खिरेश्वरास उतरावे. हा दिवसही मोठा आहे. परंतु तोवर खाद्य संपून ओझे हलके झालेले असते. या आखणीत प्रत्येक रात्र गावात येते आणि गावापर्यंत वाहनाची वाट आहे. कोणी आजारी पडल्यास त्याला खांद्यावरून रानातून आणण्याची वेळ येत नाही.

डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणून चाल दुपारी चारपूर्वी संपेल असा हिशेब ठेवावा. मध्य डिसेंबर ते जानेवारीअखेर हा उत्तम काळ. पुढे झरे आटत जातात. वर्षअखेरीची गर्दी टाळावी. अभयारण्यातील प्रवेश आणि मुक्कामाचे नियम वन्यजीव विभागाच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावेत. स्थानिक वाटाड्या अवश्य घ्यावा. वनस्पतींची नावे व रूपे गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी जाणतात, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे. कोणता झरा जानेवारीत वाहतो हेही तेच जाणतात.

ओझे आणि आहार

पाठीवरील ओझे शरीरभाराच्या सहाव्या हिश्शापेक्षा अधिक नसावे. साठ किलो वजनाच्या व्यक्तीस दहा किलो पुरे. नवे बूट या यात्रेत प्रथमच घालू नयेत. मोज्यांचे तीन जोड घ्यावेत आणि त्यांतील एक केवळ झोपताना वापरण्यासाठी कोरडा राखावा. रात्री तीळतेलाने पादाभ्यंग करून, पाय पुसून, तोच जोड घालावा. थंडीच्या लाटेत इथले रात्रीचे तापमान एक आकडी होते. म्हणून कानटोपी, लोकरी बंडी आणि जमिनीचा गारवा अडवणारी चटई यांत काटकसर करू नये.

हेमंतात बाह्य शैत्यामुळे जठराग्नी प्रबळ होतो आणि त्याला इंधन न मिळाल्यास तो धातूंचे पचन करू लागतो. रात्री मोठ्या असल्याने सकाळीच भूक लागते. हे ऋतुचर्येतील वर्णन रानात अक्षरशः अनुभवास येते. नुसत्या चहावर चढण सुरू करणारा सदस्य दहा वाजता चिडचिडा होतो, अकरा वाजता ठेचाळतो. निघण्यापूर्वी गरम बाजरीची भाकरी, तूप, गूळ व सुंठीचे दूध पोटात जावे. दुपारसाठी दशमी, गूळपोळी, लसणीची चटणी आणि तीळ-शेंगदाण्याचे लाडू सोयीचे. त्यांना शिजवणे लागत नाही. रात्री मुगाची खिचडी व तूप, किंवा कुळथाचे पिठले आणि भाकरी. डिंकाचे लाडू बल्य खरे, पण गुरू आहेत. गुरू द्रव्ये अर्ध्या तृप्तीपर्यंतच घ्यावीत, हा नियम चढणीच्या आधी विशेष पाळावा. येथेही माप अर्धेच आहे.

थंडीत तहान कमी जाणवते, म्हणून पाणी कमी प्यायले जाते. याला आणखी एक कारण आहे आणि स्त्री वैद्य म्हणून ते मला आवर्जून सांगावेसे वाटते. आडोसा मिळणार नाही या संकोचाने अनेक स्त्रिया दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि मूत्रवेग धरून ठेवतात. रात्री थंडीच्या भीतीने पुरुषही तेच करतात. मूत्रवेगधारणाची लक्षणे आपण रुग्णांना रोज समजावतो. मग दर दोन तासांनी थांबा, स्त्रियांसाठी आडोशाची जागा आणि रात्री सोबत जाण्यासाठी जोडीदार, या गोष्टी नियोजनाच्या कागदावर लिहिलेल्या असाव्यात. ज्याच्या मूत्राचा रंग गडद होऊ लागला, त्याने पाणी वाढवावे. पाणी उकळूनच प्यावे. प्रत्येकी निदान तीन लिटरचा हिशेब धरावा.

जेथे आपली सवय आड येते

थंडीने काकडणारा माणूस पाहिला की वैद्याचा हात आपोआप तेलाच्या बाटलीकडे जातो. एका यात्रेत संध्याकाळी घामाने भिजलेला एक तरुण वाऱ्यावर बसून राहिला. थोड्या वेळाने त्याला कापरे भरले आणि शब्द अडखळू लागले. सोबतच्या दोघांनी त्याचे हातपाय जोराने चोळावयास घेतले. आम्ही त्यांना थांबवले. शरीराचे तापमान खरोखर उतरले असेल, तर हातपाय चोळणे किंवा त्यांना जोराचा शेक देणे अपायकारक ठरते; शाखांतील थंड रक्त एकाएकी हृदयाकडे येते. अशा व्यक्तीस वाऱ्यापासून दूर न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, अंगाखाली चटई द्यावी, डोके झाकावे, छाती व काखा यांना कापडातून सौम्य ऊब द्यावी. पूर्ण शुद्धीवर असून गिळता येत असेल, तरच गरम व गोड पेय द्यावे. त्या तरुणाला तासाभरात बरे वाटले. परंतु कापरे थांबूनही माणूस गुंगीतच राहिला, तर ती सुधारणा नव्हे, धोक्याची सूचना आहे. त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. ऊब यावी म्हणून मद्य किंवा अधिक मात्रेत आसव देणे सर्वथा वर्ज्य. त्याने त्वचेला उष्णता भासते, पण शरीराची उष्णता बाहेर जाते.

बंद खोलीत किंवा तंबूत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये. तिचा विषारी वायू गंधहीन असतो आणि झोपेतच प्राण घेतो. कड्यांवर आग्या मोहोळ असते. तेथे धूपन, उदबत्ती, शेकोटी व उग्र अत्तर नको. हिवाळ्यात साप नसतात हा समजही सोडावा. घोणस या दिवसांतही वावरते. सर्पदंश झाल्यास अंग स्थिर ठेवावे, दंश झालेला अवयव फळीला हलका बांधावा, घट्ट आवळू नये, कापू नये, चोखू नये, कोणताही लेप लावू नये आणि प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयाकडे निघावे. अगदतंत्राच्या अभ्यासाची परीक्षा देण्याची ती जागा नव्हे. मार्गाजवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात प्रतिविष आहे, हे निघण्याच्या आठवड्यात दूरध्वनीने विचारून लिहून ठेवावे. १०८ ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. मात्र दऱ्यांत मोबाइलला संपर्क मिळेलच असे नाही. म्हणून रोजचा मुक्काम व पोहोचण्याची वेळ घरच्या एका व्यक्तीकडे लिहून द्यावी.

औषधपेटी : औषधालयचालकांसाठी

दहा जणांच्या पाच दिवसांच्या गटास पुढील पेटी पुरते : हिंग्वाष्टक चूर्ण ५० ग्रॅम, सितोपलादि चूर्ण १०० ग्रॅम, सुंठ १०० ग्रॅम, कुटजघन वटी ६० गोळ्या, जात्यादि तेल ५० मि.ली., तीळतेल ५०० मि.ली. यांच्या जोडीला जलसंजीवनीची २० पाकिटे, ग्लुकोज, निर्जंतुक पट्ट्या, ताणपट्ट्या ४, तापमापक व रक्तदाबमापक. आसवारिष्टांच्या काचेच्या बाटल्या रानात नकोत. शक्य तेथे वटी द्यावी. चूर्णे लहान, हवाबंद पुड्यांत भरून प्रत्येकीवर नाव, मात्रा, अनुपान व वापराची मुदत मराठीत लिहावी. पेटी ज्याच्याकडे आहे तो वैद्य नसेल, हे गृहीत धरूनच ती भरावी. अशा तयार पेट्या हंगामात ठेवल्यास ग्राहकांची सोय होईल आणि औषधालयचालकाला दोन हिताचे शब्दही सांगता येतील.

शेवटचा मुद्दा मोहाचा आहे. या दिवसांत मुरुडशेंगेच्या पिळलेल्या शेंगा दिसतात, आसवारिष्टांच्या संधानासाठी आपण विकत घेतो ती धायटी जानेवारीत लाल फुलांनी बहरू लागते. हात पुढे होणे स्वाभाविक आहे. परंतु वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यातून परवानगीवाचून वनोपज काढणे गुन्हा आहे. वैद्याने तेथून छायाचित्रे आणि टिपणे आणावीत, मुळे नव्हेत.

व्याधी होऊ न देणे हे चिकित्सेइतकेच आपले काम आहे, असे आपण व्याख्यानांतून नेहमी सांगतो. यंदाच्या हेमंतात कोणी रुग्ण “सोबत कोणतं औषध ठेवू?” असे विचारील, तेव्हा औषधाचे नाव लिहिण्याआधी त्याला चार प्रश्न विचारावेत : तुमच्या गटात सर्वांत अशक्त कोण आहे, तो दिवसाकाठी किती चालू शकतो, पहाटे तुम्ही काय खाणार, आणि तिसऱ्या दिवशी तो थकला तर त्याला घरी कसे आणणार? या चारांची उत्तरे तयार असतील, तर पेटीतील बहुतेक औषधे न उघडताच परत येतील. वैद्याला यापरते दुसरे यश कोणते?